‘किती लागेल?’ ते ‘काय लागले?’ : गांधीजींचे लंडन-पॅरिस आणि मराठी प्रवासवर्णनाची कसोटी

प्रवासवर्णन हा मराठीतील वाचकप्रिय वाङ्मयप्रकार आहे. तरीही त्याची समीक्षा बहुधा दोन टोकांमध्ये हेलकावत राहिलेली दिसते. एका टोकाला माहितीची अचूकता तपासली जाते, दुसऱ्या टोकाला भाषेची प्रसन्नता व विनोदाची पखरण वाखाणली जाते. पहिल्या कसोटीने प्रवासवर्णन भूगोलाच्या जवळ जाते, तर दुसरीने ललितनिबंधाच्या. प्रवासवर्णन म्हणून त्याची स्वतंत्र अशी कसोटी कोणती, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित क्षेत्रात करावयाचा आहे. युरोपातील ऐतिहासिक राजधानी पाहण्यास गेलेला प्रवासी हे ते क्षेत्र होय. विवेचनासाठी मुख्य आधार म्हणून घेतले आहेत ते गांधीजींच्या आत्मकथेतील लंडन व पॅरिस यांविषयीचे भाग.

ही निवड प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. आत्मकथा मूळ गुजरातीत लिहिली गेली. ती १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. शिवाय ती प्रवासवर्णन नव्हे. परंतु या निवडीस दोन कारणे आहेत. पहिले असे की, मराठी अनुवादाच्या रूपाने ‘सत्याचे प्रयोग’ मराठी वाचनाचा भाग होऊन बसले आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एकाच शहराविषयी एकाच लेखकाने दोन भिन्न प्रकारांत लेखन केल्याचे दुर्मिळ उदाहरण येथे मिळते. १८९३–९४च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी ‘लंडन मार्गदर्शिका’ म्हणता येईल असे एक पुस्तक इंग्रजीत लिहिले होते. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पुढे त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात त्याचा समावेश झाला. म्हणजे लंडनविषयी आधी दर्शिका आणि सुमारे तीस वर्षांनंतर आत्मकथन असा हा क्रम आहे. दर्शिका आणि वाङ्मय यांतील सीमारेषा कोठे आखावी, हे समजून घेण्यास याहून सोयीचे उदाहरण आढळणे कठीण आहे.

१. दर्शिकेचा प्रश्न आणि वाङ्मयाचा प्रश्न

प्रवासदर्शिका वाचकाच्या वतीने काही ठराविक प्रश्न विचारते. कोठे उतरावे, काय पाहावे, किती वेळ द्यावा, किती पैसे लागतील? गांधीजींच्या दर्शिकेतही इंग्लंडला कोणी जावे, पूर्वतयारी काय करावी, राहण्या-जेवण्याचा खर्च किती येतो आणि बॅरिस्टरीसाठी काय करावे लागते, अशाच बाबींचा ऊहापोह आहे. त्यांचा सारा भर अल्प खर्चात नीटनेटके कसे राहता येईल यावर आहे. नव्याने येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याची फसगत होऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. दर्शिकेची भाषा भविष्यकाळाची असते. ‘किती लागेल?’ हा तिचा मूळ प्रश्न.

आत्मकथेत तेच शहर भूतकाळात येते आणि प्रश्न बदलतो. मराठीतील ‘लागणे’ या क्रियापदाचा येथे चांगला उपयोग होतो. पैसे लागतात, वेळ लागतो, भूक लागते आणि एखादी गोष्ट मनालाही लागते. दर्शिकेला पहिल्या दोन अर्थांशी कर्तव्य असते. वाङ्मयाला चारही अर्थ एकत्र हवे असतात. प्रवाशाला ‘काय लागले?’ हा प्रश्न ज्या लेखनात खऱ्या अर्थाने उपस्थित होतो, ते लेखन दर्शिकेची सीमा ओलांडते, असे सूत्र येथे मांडता येईल. पुढील विवेचनात या सूत्राची तपासणी प्रेक्षणीय स्थळ, संग्रहालय आणि रात्र या तीन अंगांनी केली आहे. राजधानीच्या शहरांची कोणतीही दर्शिका उघडली, तरी तिची विभागणी साधारणतः याच तीन भागांत झालेली असते.

२. मराठी परंपरेतील शीर्षके आणि दृष्टी

तत्पूर्वी मराठी परंपरेकडे दृष्टिक्षेप टाकणे आवश्यक आहे. पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप लेखन १८८३चे, म्हणजे गांधीजींच्या लंडनगमनाच्या पाच वर्षे आधीचे आहे. रमाबाई शिक्षणाच्या हेतूने गेल्या होत्या आणि त्यांचे वास्तव्य वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात होते. त्यांच्या लेखनाचे शीर्षक निव्वळ विधानात्मक आहे. त्यात नवलाईचा उच्चार नाही. समुद्र ओलांडणारी विधवा स्त्री हेच मुळात समाजाच्या दृष्टीने एवढे मोठे नवल होते की, तिला निराळ्या नवलाची गरज नव्हती.

अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ हे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. मराठी प्रवासवर्णनाला ललित वळण देणारे पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख नेहमी केला जातो. याच्या शीर्षकात दोन राजधान्या रूपकांच्या रूपाने उभ्या आहेत. लंडन म्हणजे धुके, मॉस्को म्हणजे लाल तारा. प्रवासाची दिशा हीच येथे मूल्यनिर्णय झाली आहे. पाहण्यापूर्वीच प्रवाशाला कोठे पोहोचावयाचे आहे हे ठाऊक आहे. ते त्या दशकातील अनेक तरुण बुद्धिवंतांचेच ईप्सित होते.

स्वातंत्र्योत्तर काळात गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) ही पुस्तके एकापाठोपाठ आली. पहिल्या शीर्षकात लोककथेतील अंतर आहे, दुसऱ्यात लाडिक कौतुक. ‘अपूर्वाई’तील निवेदक हा पाहणारा आहे तसाच पाहिला जाणाराही आहे. आपल्या मध्यमवर्गीय सवयींसह परदेशात वावरणाऱ्या स्वतःकडे तो मिस्कीलपणे पाहतो आणि वाचकाला त्या हसण्यात सामील करून घेतो. राज्यकर्त्यांच्या राजधानीत आता गुलाम म्हणून नव्हे, तर पाहुणा म्हणून जाता येते, ही मोकळीक त्या हास्यामागे आहे. पुढे मीना प्रभु यांच्या ‘माझं लंडन’मध्ये ‘माझं’ हे सर्वनाम येते आणि संबंध पुन्हा पालटतो. तेथे प्रवासी उरत नाही. दीर्घकाळ वस्ती केलेली रहिवासी आपल्या शहराची ओळख पाहुण्याला करून देते.

विधान, रूपक, नवलाई आणि स्वामित्व असा हा क्रम होय. या चारही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. शहर पाहण्याजोगे आहे, हे गृहीत धरलेले आहे. गांधीजींच्या पृष्ठांत मात्र हे गृहीतच तपासणीस येते.

३. प्रेक्षणीय स्थळ : आयफेल मनोरा आणि सात शिलिंग

लंडनमधील विद्यार्थिदशेत गांधीजी पॅरिसचे महाप्रदर्शन पाहण्यास गेले. आयफेल मनोरा याच प्रदर्शनासाठी १८८९मध्ये उभारण्यात आला होता. त्यांचा मुक्काम सात दिवसांचा होता. एका शाकाहारी भोजनगृहात खोली घेतली होती. हातात शहराचा नकाशा आणि प्रदर्शनाची दर्शिका होती, आणि पाहणे बहुतांशी पायी झाले. अल्प खर्चात राजधानी पाहणाऱ्या प्रवाशाचे हे नमुनेदार चित्र आहे. आजचा विद्यार्थीही जवळजवळ याच रीतीने पॅरिस पाहतो.

परंतु तीन दशकांनंतर या प्रदर्शनाचे काय स्मरणात राहिले? त्याची भव्यता आणि विविधता, आणि मनोरा. गांधीजी दोन-तीन वेळा मनोऱ्यावर चढले. पहिल्या मजल्यावर उपाहारगृह होते. एवढ्या उंचीवर आपण जेवलो असे सांगता यावे, एवढ्यासाठीच त्यांनी तेथे सात शिलिंग खर्ची घातले. हा तपशील ते पश्चात्तापाच्या सुरात नोंदवतात. टॉल्स्टॉयने या मनोऱ्याला मानवी मूर्खपणाचे स्मारक ठरविले होते, याचा निर्देश करून ते स्वतःचे मतही सौम्यपणे देतात. मनोऱ्यात कलेचा अंश नाही, ते एक खेळणे आहे, आणि माणसे खेळण्याकडे ओढली जातात, कारण तीही मुलेच असतात.

प्रेक्षणीय स्थळाविषयीच्या मराठी लेखनात या परिच्छेदाचे स्थान अनन्य आहे. मनोऱ्याची उंची व लोखंडाचे वजन दर्शिका सांगते, प्रवासवर्णनकार मनोऱ्यावरून दिसणारे दृश्य सांगतो. गांधीजी सांगतात ते तेथे जाण्यामागील हेतू, आणि तो हेतू ‘सांगता यावे’ हा होता. प्रवासी स्थळ पाहत नाही, तर ‘पाहिले’ असे सांगण्याचा अधिकार विकत घेतो, हे पर्यटनाचे मर्म सात शिलिंगांच्या हिशेबातून उघडे पडते. येथे उपहासाचा विषय मनोरा नसून निवेदक स्वतः आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. ‘अपूर्वाई’तील आत्मविनोदाशी याचे नाते जोडता येईल. मात्र एक भेद आहे. तेथे विनोद निवेदकाला मोकळा करतो, येथे हिशेब त्याला बांधून ठेवतो.

याच मुक्कामात पॅरिसची जुनी चर्चे पाहून गांधीजी थक्क झाले. नोत्र दामची अंतर्गत सजावट, तेथील शिल्पे आणि शांतता यांनी ते भारावले. पॅरिसच्या विलासी राहणीविषयी त्यांनी वाचले होते आणि त्याची साक्ष रस्तोरस्ती मिळत होती. परंतु चर्चे या गजबजाटापासून अलिप्त उभी असलेली त्यांना दिसली. संगमरवरी मूर्तीपुढे गुडघे टेकणारा माणूस दगडापुढे वाकत नाही, ही जाणीव त्यांना तेथे झाली. मूर्तिपूजेवरील मिशनरी टीका बालपणापासून ऐकलेल्या हिंदू तरुणाला ही जाणीव युरोपच्या भर राजधानीत व्हावी, यातील कलाटणी लक्षणीय आहे. तेव्हा राजधानी त्याज्य आहे असा निष्कर्ष या भागातून निघत नाही. काय पाहिल्याने आपण बदललो आणि काय पाहिल्याने केवळ पैसे गेले, हा विवेक त्यातून निघतो.

४. संग्रहालय : कोणाचा भूतकाळ?

दुसरे अंग संग्रहालयाचे. मराठी प्रवाशाची येथे खरी कोंडी होते. लंडनमधील ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ची आणि पॅरिसचे लूव्हर सार्वजनिक संग्रहालय झाले ते १७९३मध्ये. जगभरच्या संस्कृतींचा ठेवा एका छपराखाली पाहण्याचा आनंद तेथे मिळतो. परंतु अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे, टिपूचा वाघ किंवा लंडनच्या किल्ल्यातील कोहिनूर यांच्यासमोर उभा असलेला भारतीय प्रेक्षक निव्वळ प्रेक्षक राहू शकत नाही. ‘हे किती सुंदर जतन केले आहे’ आणि ‘हे येथे कसे आले’ ही दोन वाक्ये त्याच्या मनात एकाच वेळी उमटतात. मराठी प्रवासवर्णनातील संग्रहालयवर्णने तपासताना पहिल्या वाक्यावर लेखक थांबतो की दुसऱ्यापर्यंत जातो, हा निकष उपयुक्त ठरावा.

विदर्भातील अभ्यासकाला हा प्रश्न दूरचा नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४मध्ये खालसा झाले आणि त्यांच्या जडजवाहिराचा लिलाव कलकत्त्यात झाला. वर्धा जिल्हा त्याच राज्याच्या मुलखातून, नागपूरपासून वेगळा काढून १८६२मध्ये निर्माण करण्यात आला. भोसले घराण्यातील पहिल्या रघुजींची मानली जाणारी तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात आली, तेव्हा ती महाराष्ट्र शासनाने मिळवली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४च्या जुलैमध्ये साताऱ्यास आणि २०२५मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात प्रदर्शित झाली. ती आली मात्र तीन वर्षांच्या उसनवारीवर. ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांमार्फत संग्रहालयाकडे गेली. शिवछत्रपतींनी वापरलेली ती हीच, असे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. एकच वस्तू लंडनमध्ये ‘संग्रह’ असते, साताऱ्यात ‘स्मृती’ असते आणि करारपत्रात ‘उसनी’ असते. संग्रहालयातील वस्तूचा अर्थ ती पाहणारा कोठून आला आहे यावर कसा अवलंबून असतो, हे यावरून ध्यानी येते.

गांधीजींच्या संदर्भात संग्रहालयाचा प्रसंग रोमचा आहे. तो आत्मकथेत नाही, कारण आत्मकथेचे कथन १९२०च्या नागपूर काँग्रेसपाशी थांबते. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१मध्ये ते रोमला थांबले. पोपची भेट झाली नाही, पण व्हॅटिकनमधील संग्रह व सिस्टाइन चॅपेल त्यांनी पाहिले. तेथील क्रूसावरच्या ख्रिस्तमूर्तीसमोर ते खिळून उभे राहिले. पुढे या अनुभवाविषयी बोलताना त्यांनी सुचविले की, व्यक्तीप्रमाणे राष्ट्रेही यातनेच्या मार्गानेच घडतात. परिषदेतून रिक्त हस्ते परतणाऱ्या आणि मायदेशी तुरुंगवास वाट पाहत असलेल्या माणसाने एका कलाकृतीचे केलेले हे वाचन आहे. मूर्तीचा शिल्पकार कोण, काळ कोणता, हे दर्शिकेचे प्रश्न येथे अप्रस्तुत ठरतात. पाहणारा कोणत्या प्रसंगी पाहत आहे, यावरून पाहण्याचा अर्थ ठरतो.

५. रात्र : अश्रू, नाटक आणि जमाखर्च

राजधानीच्या दर्शिकेतील तिसरा भाग रात्रीचा. नाट्यगृहे, उपाहारगृहे, मद्यालये, नृत्यशाला. मराठी प्रवासवर्णनकार या भागापाशी बहुधा अडखळतो. तो एक तर नैतिक नापसंती दर्शवितो, किंवा ‘पाहिले, पण लांबून’ अशी सावध भूमिका घेतो. दोन्ही ठिकाणी वाचकाची उत्सुकता आणि लेखकाची प्रतिष्ठा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न असतो.

आत्मकथेतील लंडनच्या रात्री तीन प्रकारच्या आहेत आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे.

पहिली रात्र एकाकीपणाची आहे. १८८८मध्ये एकोणीस वर्षांचा तरुण या शहरात येतो. जहाजावरून उतरताना पांढरा फ्लॅनेलचा पोशाख करतो आणि धक्क्यावर आपण एकटेच त्या पोशाखात आहोत हे त्याला कळते. सामान मिळण्यास रविवार आड येतो. व्हिक्टोरिया हॉटेलचे तीन पौंडांचे बिल पाहून तो हबकतो. पुढे खोलीत रात्रीच्या रात्री आईच्या व घराच्या आठवणीने डोळ्यांना धार लागते आणि झोप येत नाही. लोक चमत्कारिक, रीतिभाती चमत्कारिक, आणि मांसाहार न करण्याच्या प्रतिज्ञेमुळे अन्नाचीही पंचाईत. जगातील सर्वांत मोठ्या शहराची रात्र म्हणजे एका खोलीतील रडणे, असे हे चित्र आहे. दर्शिकेत या रात्रीला स्थान नसते, पण परदेशी शिकण्यास गेलेल्या प्रत्येकाला ती परिचित असते.

दुसरी रात्र नाटकाची आहे. एका स्नेह्याने त्यांना नाटकास बोलावले. त्याआधी हॉबर्न रेस्टॉरंट या प्रशस्त उपाहारगृहात जेवण ठरले होते. पहिले सूप आले. ते कशाचे आहे हे स्नेह्याला विचारण्याचे धैर्य होईना, म्हणून गांधीजींनी वाढप्याला खूण केली. स्नेह्याच्या ते लक्षात आले आणि तो रागावला. सभ्य समाजात वागता येत नसेल तर बाहेर जावे, दुसरीकडे जेवावे आणि बाहेर थांबावे, असे त्याने बजावले. गांधीजींना यात सुटकाच वाटली. ते उठून गेले. जवळचे शाकाहारी भोजनगृह बंद झाले होते. तेव्हा उपाशीपोटीच ते स्नेह्याबरोबर नाटकाला गेले. दोघांपैकी कोणीही त्या प्रसंगाचा पुन्हा उल्लेख केला नाही.

लंडनच्या रात्रजीवनाविषयी भारतीय लेखनात आढळणाऱ्या प्रसंगांत या प्रसंगाची बरोबरी करणारे फार थोडे असतील. दिवे, रंगमंच, श्रीमंत उपाहारगृह ही सारी सामग्री हजर आहे. परंतु तिच्या केंद्रस्थानी एक रिकामे पोट आहे आणि न विचारता आलेला एक साधा प्रश्न आहे. नाटक कोणते होते, नट कोण होते, हे लेखक सांगत नाही. ते त्याला लागले नाही. जे लागले ते त्याने लिहिले. विशेष म्हणजे यात स्नेह्याविषयी कडवटपणा नाही. किंबहुना या स्नेह्याला बरे वाटावे म्हणूनच गांधीजींनी पुढे ‘सभ्य गृहस्थ’ होण्याचा खटाटोप आरंभिला. बाँड स्ट्रीटवर शिवलेला सायंकालीन पोशाख, उंच टोपी, नृत्याचे धडे, व्हायोलिन ही सारी त्या रात्रीचीच फलश्रुती आहे. रात्रजीवनात शिरण्यासाठी लागणारी सामग्री माणसाला किती महाग पडते, याचा तपशील आत्मकथा पौंड-शिलिंगांत देते.

तिसरी रात्र हिशेबाची आहे. हा खटाटोप काही महिन्यांत ओसरला आणि गांधीजींनी पैशापैशाचा जमाखर्च लिहिण्यास प्रारंभ केला. बसचे भाडे, टपाल तिकिटे, वर्तमानपत्रांवरील किरकोळ खर्च, सारे टिपून रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळविण्याचा त्यांनी परिपाठ ठेवला. भाडे वाचावे म्हणून रोज आठ-दहा मैल चालणे सुरू झाले. शहर पाहिले गेले ते मुख्यतः या चालण्यात. सार्वजनिक कामातील लाखो रुपयांचा चोख हिशेब ठेवण्याची सवय आपल्याला याच रात्रींनी लावली, असे ते पुढे मान्य करतात. अश्रूंची रात्र, उपासाची रात्र आणि जमाखर्चाची रात्र या क्रमातून एका व्यक्तिमत्त्वाची घडण दिसते. ‘किती लागेल?’ हा दर्शिकेचा प्रश्न येथे ‘काय लागले?’ या प्रश्नात विरघळून जातो. हिशेबाची वही हीच आत्मपरीक्षणाची वही होते.

६. रात्र, संग्रहालय आणि वर्धा

संग्रहालय आणि रात्र हे दर्शिकेने वेगळे केलेले भाग वस्तुतः इतके वेगळे नाहीत. आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची पूर्वज संस्था साउथ केन्सिंग्टन येथे १८५७मध्ये उघडली, तेव्हा तेथे गॅसच्या दिव्यांची सोय करण्यात आली. दिवसभर राबणाऱ्या कामगाराला संध्याकाळी येता यावे, हा त्यामागील हेतू होता. दारूच्या गुत्त्याला संग्रहालयाने पर्याय द्यावा, अशी संस्थापक हेन्री कोल यांची अपेक्षा होती. लंडनच्या रात्रीचा हा विसरला गेलेला अध्याय वर्धेच्या वाचकाने आवर्जून ध्यानी घ्यावा. कारण त्याचा जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा आहे आणि या जिल्ह्यातही संग्रहालयाविषयी एक मूलगामी विचार साकार झालेला आहे.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्धेत मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहालयामागे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ आणि त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा होते. येथे ठेवावयाचे होते ते चरखे, अवजारे आणि ग्रामोद्योगांची साधने व वस्तू. ब्रिटिश म्युझियमची वस्तू तिच्या मूळ जागेपासून व उपयोगापासून तोडलेली असते. काचेआड जाण्याची किंमत म्हणून तिचे काम बंद पडते. मगन संग्रहालयाची कल्पना याच्या उलट होती. वस्तू पाहून प्रेक्षकाने ती घरी करावी किंवा वापरावी, अशी तिची अपेक्षा होती. पाहण्याचा शेवट स्मरणात नव्हे, तर कृतीत व्हावयाचा होता. आयफेल मनोऱ्यावरील सात शिलिंग आणि हे संग्रहालय यांमध्ये पन्नास वर्षांचे अंतर असले, तरी विचाराची रेषा एकच आहे, असा तर्क करण्यास जागा आहे.

सेवाग्रामची कुटीही याच रेषेवर येते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात आले, आणि या गावाचे नाव १९४०मध्ये सेवाग्राम झाले. निवासासाठी स्थानिक साहित्य, स्थानिक कारागीर आणि पाचशे रुपयांच्या आतील खर्च अशी मर्यादा त्यांनी घातली होती. व्हॉइसरॉयशी संपर्कासाठी बसविलेला दूरध्वनी, साप पकडून दूर सोडण्यासाठीचा पिंजरा, कंदील, चटई या वस्तू आज प्रवासी पाहतात. म्हणजे राजधानीत प्रेक्षक म्हणून गेलेल्या माणसाचे घर आता स्वतःच प्रेक्षणीय स्थळ झाले आहे. त्याच्या दारातही ‘पाहिले, असे सांगता यावे’ एवढ्याच हेतूने येणारे प्रवासी असणारच. बसमधून उतरून वीस मिनिटांत आदिनिवास, बापूकुटी, प्रार्थनाभूमी उरकून पवनारकडे निघणाऱ्या सहलीत आणि मनोऱ्यावर जेवणाऱ्या तरुणात तत्त्वतः फरक नाही. त्या तरुणाने पुढे त्याची नोंद केली, एवढाच फरक आहे.

७. निष्कर्ष आणि अध्यापनविषयक सूचना

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात.

एक, युरोपीय राजधानीविषयीच्या लेखनात स्थळ, संग्रहालय व रात्र ही विभागणी दर्शिकेकडून आलेली आहे. प्रवासवर्णन तिचा स्वीकार करू शकते, परंतु तिच्यात सामावून जाऊ शकत नाही.

दोन, दर्शिका पाहण्याची किंमत आधी सांगते, वाङ्मय ती नंतर मोजते. या मोजणीत निवेदकाने स्वतःला वगळले, तर वर्णन कितीही प्रसन्न असले तरी ते सहलीचे वृत्त राहते.

तीन, आत्मविनोद ही मराठी प्रवासवर्णनाची मोठी मिळकत आहे. तिच्या जोडीला आत्महिशेबाची परंपरा उभी राहू शकते आणि तिचे बीज ‘सत्याचे प्रयोगां’मध्ये उपलब्ध आहे. दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव कल्पिण्याचे कारण नाही. हसण्याने अंतर पार होते आणि हिशेबाने अंतराची नोंद राहते. वाचकाला दोन्ही हवे असतात.

यावर एक आक्षेप संभवतो. ही कसोटी नैतिक आहे, वाङ्मयीन नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु हॉबर्न रेस्टॉरंटचा प्रसंग प्रभावी ठरतो तो त्यातील व्रतनिष्ठेमुळे नव्हे. सूपाची वाटी, वाढप्याला केलेली खूण, बंद दार आणि न बोलता पाहिलेले नाटक या तपशिलांच्या निवडीमुळे तो मनात राहतो. काय लागले हे ज्याला कळते, त्यालाच कोणता तपशील ठेवावा आणि कोणता गाळावा हेही कळते. तेव्हा ही कसोटी निवडीची, म्हणजे पर्यायाने रचनेचीच आहे.

पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन शिकविताना या कसोटीचा प्रत्यक्ष उपयोग करता येईल. काणेकर, गाडगीळ, देशपांडे आणि प्रभु यांच्या पुस्तकांतील लंडनविषयीची प्रकरणे विद्यार्थ्यांनी तीन रकान्यांत वाचावीत. दर्शिकेत सापडेल ते पहिल्या रकान्यात, केवळ या लेखकालाच दिसले ते दुसऱ्यात, आणि ज्यासाठी लेखकाला काही मोजावे लागले ते तिसऱ्यात. तिसरा रकाना बहुधा सर्वांत लहान निघेल. परंतु पुस्तक पुन्हा वाचावेसे का वाटते, याचे उत्तर त्याच रकान्यात मिळण्याचा संभव आहे. यानंतर त्याच विद्यार्थ्यांनी सेवाग्राम, मगन संग्रहालय आणि पवनार यांच्या भेटीचे वर्णन लिहावे आणि शेवटी तेच तीन रकाने स्वतःच्या लेखनाला लावावेत. वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांना त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. गरज आहे ती निजण्यापूर्वी दिवसभराच्या पाहण्याचा जमाखर्च जुळवून पाहण्याची.